सी.पी. अँड बेरार: मध्य प्रांत-वऱ्हाडाचा कारभार आणि त्याचे जुने कागद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर, भंडारा किंवा यवतमाळच्या अभिलेख कक्षात पणजोबांचा कागद शोधणाऱ्याला आधी भेटतो तो जाऊन सत्तर वर्षं होत आलेला एक प्रांत. तो प्रांत कसा चालत होता हे माहीत नसेल तर हाती आलेला कागदही वाचता येत नाही. पुढचे प्रश्न त्याच अडचणीतून आलेले आहेत.

सी.पी. अँड बेरार म्हणजे नेमका कोणता भाग?

सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मराठीत मध्य प्रांत. बेरार म्हणजे वऱ्हाड. १९०६ च्या सुमारास या प्रांतात बावीस जिल्हे होते. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, चांदा (आजचे चंद्रपूर), भंडारा, बालाघाट. जबलपूर विभागात जबलपूर, सागर, दमोह, सिवनी, मंडला. नर्मदा विभागात नरसिंहपूर, होशंगाबाद, निमाड, बैतूल, छिंदवाडा. छत्तीसगड विभागात रायपूर, बिलासपूर, दुर्ग. आणि वऱ्हाड विभागात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. शिवाय बस्तर, कांकेर, राजनांदगाव, रायगड, सरगुजा यांसारखी पंधरा संस्थाने प्रांताच्या देखरेखीखाली होती, पण ती खालसा मुलखात धरली जात नसत.

आज 'विदर्भ' म्हणून जो भाग एकसंध समजला जातो तो या हिशेबात दोन तुकड्यांचा आहे: नागपूर विभागातले चार मराठी जिल्हे आणि वऱ्हाडचे चार. दोन्हीकडचे कायदे वेगळे, जमिनीची पद्धत वेगळी, गावकामगार वेगळे. जुन्या कागदांबाबत होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

हा प्रांत तयार कसा झाला?

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. सागर-नर्मदा हा मुलूख १८१७-१८ च्या युद्धानंतरच इंग्रजांकडे गेला होता. २ नोव्हेंबर १८६१ च्या ठरावाने हे दोन्ही एकत्र करून मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाई. प्रांताच्या प्रमुखाला गव्हर्नर नव्हे, चीफ कमिशनर म्हणत. १८६२ ते १८६७ या काळात त्या जागी असलेल्या रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत जिल्ह्यांची आखणी आणि पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद आणि साऱ्याची आकारणी, मार्गी लागला.

संबळपूर १८६२ मध्ये जोडले गेले आणि १९०५ मध्ये बंगालकडे गेले. गोदावरीकाठचा सिरोंचा भाग काही वर्षे 'अप्पर गोदावरी' नावाचा वेगळा जिल्हा होता. १८७४ मध्ये तो मोडून सिरोंचा चांद्यात आला. सिरोंच्याकडचे १८७४ आधीचे कागद चांद्याच्या बस्त्यात मिळत नाहीत याचे एक कारण हे.

वऱ्हाड निजामाचे होते की इंग्रजांचे?

कायद्याने निजामाचे, कारभाराने इंग्रजांचे. आणि हे शेवटपर्यंत असेच राहिले.

हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तेव्हापासून त्याचे सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' आणि वरिष्ठ अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट. १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी नवा करार केला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, मोबदला वर्षाला २५ लाख रुपये. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आले. १९३६ च्या करारानेही निजामाचे सार्वभौमत्व मान्यच ठेवले. त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात निजामाचा झेंडा इंग्रजी झेंड्याबरोबर लावायची मुभा मिळाली.

याचा परिणाम कागदावर दिसतो. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या 'ब्रिटिश इंडिया' नसल्यामुळे हिंदुस्थानचा कायदा तिथे आपोआप लागू होत नसे. अधिसूचना काढून तो लावावा लागे. म्हणून जुन्या वऱ्हाडी निकालपत्रांत 'वऱ्हाडास लागू केल्याप्रमाणे' असा शेरा सतत येतो. ही भानगड बरीचशी मिटली ती १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टने. १८९० च्या दशकातला एखादा कायदा वऱ्हाडातल्या व्यवहाराला लावताना तो तिथे केव्हा लागू झाला हे आधी तपासा. मूळ कायद्याची तारीख पुरेशी नाही.

निवडणुकांतही हेच. १९२० नंतरच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी लोकांनी निवडून द्यायचे आणि मग गव्हर्नरने त्यांची औपचारिक 'नेमणूक' करायची, अशी पद्धत होती.

कारभाराची उतरंड कशी होती?

वर चीफ कमिशनर, १९२० च्या अखेरीपासून गव्हर्नर. त्याखाली विभागाचा कमिशनर. जिल्ह्याला डेप्युटी कमिशनर. मुंबई इलाख्यात ज्याला कलेक्टर म्हणत तोच दर्जा. हा 'नॉन-रेग्युलेशन' प्रांत, म्हणजे जुन्या इलाख्यांचे नियम (रेग्युलेशन्स) आपोआप लागू नसलेला, असल्यामुळे नाव वेगळे. नागपूरच्या कागदावर 'डेप्युटी कमिशनर' दिसले म्हणून तो कलेक्टरच्या हाताखालचा अधिकारी समजू नका, जिल्ह्याचा प्रमुख तोच. त्याच्या मदतीला एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, कागदांत 'ई.ए.सी.'.

मध्य प्रांतात पुढे तहसील, तहसीलदार, नायब तहसीलदार, रेव्हेन्यू इन्स्पेक्टर आणि पटवारी. पटवारी पगारी नोकर होता. त्याच्याकडे काही गावांचा मिळून एक हलका असे. गावात मालगुजारांच्या (गावाच्या मालकांच्या) वतीने सारा भरणारा लंबरदार, गावाची व्यवस्था पाहणारा मुकद्दम आणि निरोप्या, पहारेकरी, नोंदणारा अशी सगळी कामे करणारा कोतवाल. मालगुजार शहरात राहत असेल तर गावात त्याचा मुकद्दम गुमास्ता असे.

वऱ्हाडात तहसीलच्या जागी तालुका. गावात पाटील आणि पटवारी, दोघेही बहुधा वंशपरंपरागत. त्यांच्या नेमणुका, हक्क आणि बडतर्फीसाठी १९०० चा वेगळा कायदा होता. त्यामुळे एखाद्या वऱ्हाडी घराण्याच्या कागदांत पटवारकीचा वाद निघाला तर तो वारसाहक्काचा वाद असतो. नागपूर भागातल्या घराण्याच्या कागदांत निघाला तर तो साध्या नोकरीचा.

आमचे गाव मध्य प्रांतात होते की वऱ्हाडात, हे कसे ओळखायचे?

दक्षिण-पूर्वेला सोपे आहे: बऱ्याच लांबीपर्यंत वर्धा नदी ही सरहद्द होती. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, वरोरा मध्य प्रांतात. धामणगाव, वणी, यवतमाळ वऱ्हाडात. नदीच्या दोन काठांवर सोयरीक असलेल्या घरांत एकाकडे खसऱ्याची (मध्य प्रांतातल्या शेतवार नोंदीची) नक्कल निघते आणि दुसऱ्याकडे सर्व्हे नंबरची, ती यामुळेच.

उत्तरेकडे मेळघाट वऱ्हाडात होता. त्याला लागून असलेले निमाड आणि बैतूल मध्य प्रांतात. बुलढाण्याच्या पश्चिमेचा खानदेश मुंबई इलाख्यात आणि दक्षिणेचा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता.

जिल्ह्यांची जुनी नावेही माहीत हवीत. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. एलिचपूर म्हणजे अचलपूर. तो जिल्हा अमरावतीत मिसळला. बासीम म्हणजे वाशीम; तो अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. यवतमाळ जिल्ह्याचे तेव्हाचे नाव वूण, म्हणजे वणी. मंगरूळ किंवा पुसदचे १९०० चे कागद शोधताना बासीम जिल्हा पाहा. अलीकडचे बदलही लक्षात ठेवा: चंद्रपूरपासून गडचिरोली १९८२ मध्ये, अकोल्यापासून वाशीम १९९८ मध्ये आणि भंडाऱ्यापासून गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. नवा जिल्हा झाला म्हणून सगळे जुने बस्ते तिकडे गेले असे नाही. अर्ज दोन्ही ठिकाणी करावा लागतो.

मालगुजारी म्हणजे काय? मालगुजार आणि जमीनदार एकच का?

एकच नाहीत. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करून देणारा पाटील किंवा मक्तेदार असे. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी अशा माणसांना गावाचे मालक ठरवले. तो मालगुजार. गावाची एकूण आकारणी सरकार ठरवी, बहुतेक ठिकाणी तीस वर्षांसाठी. ती सरकारला भरायची जबाबदारी मालगुजाराची; कुळांकडून खंड वसूल करायचा हक्कही त्याचा. सारा गोळा करणाऱ्याला एका फटक्यात मालकी मिळाली हा या पद्धतीचा मूळ दोष. पुढची पन्नास वर्षे कुळांसाठी कायदे करत राहावे लागले ते तो निस्तरण्यासाठीच. कूळकायदे १८८३, १८९८ आणि १९२० चे.

गावात जमिनीचे साधारण असे प्रकार असत. सीर आणि खुदकास्त ही मालगुजाराची स्वतःची शेती. मालिक मकबुजा म्हणजे मालगुजाराच्या गावात राहूनही स्वतःच्या तुकड्याचा मालक; त्याचे जुने हक्क बंदोबस्तात मान्य झालेले. मौरूसी कास्तकार म्हणजे वारसाहक्काने चालणारे, सहज हुसकावता न येणारे कूळ. त्यातही अधिक भक्कम हक्काचा एक वर्ग होता, ज्याला जमीन हस्तांतरित करता येई. आणि खाली पोटकुळे.

इथे वंशावळीची मोठी चूक होते. मालगुजारी गावात मालकाच्या रकान्यात पणजोबांचे नाव नाही म्हणजे जमीन त्यांची नव्हती, असा निष्कर्ष लोक काढतात. मौरूसी कुळाच्या यादीत ते नाव पिढ्यान्‌पिढ्या असू शकते. दोन्ही याद्या वाचाव्या लागतात.

जमीनदार वेगळे. चांदा, भंडारा, बालाघाट आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. एकेकीत कित्येक गावे असत आणि अहेरीची जमीनदारी त्यांत विशेष मोठी. त्यांचे हक्क, टाकोळी (सरकारला द्यायची ठरावीक रक्कम) आणि वारसाचे नियम मालगुजारीपेक्षा निराळे.

कागदावर '४ आणे ६ पै' लिहिले आहे. हा खंड आहे का?

बहुधा नाही. ते खेवट असेल. खेवट म्हणजे गावाच्या मालकीतल्या हिस्सेदारांची यादी. संपूर्ण गाव म्हणजे १६ आणे, आणि प्रत्येकाचा हिस्सा आणे-पैत. १६ आण्यांच्या १९२ पै होतात. ४ आणे ६ पै म्हणजे ५४ पै, म्हणजे गावाचा २८ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा. सारा रुपयांत वेगळ्या रकान्यात असतो. वाटण्या होत गेल्या की हिस्से पैच्याही अपूर्णांकात जातात. सगळ्यांची बेरीज १६ आणे होते का हे पाहणे हा नक्कल बरोबर उतरवली आहे की नाही, याचा सर्वांत सोपा ताळा आहे.

वऱ्हाडात मालगुजार नव्हते का?

नव्हते. तिथे १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला आकार आणि खातेदार थेट सरकारला सारा भरणारा. जमिनीची प्रत आण्यांत ठरवत. अपवाद होते: जहागिरीची गावे, देवस्थानांच्या इनामी जमिनी, आणि यवतमाळ भागात इजारा (मक्त्याने दिलेली) गावे. ओसाड पडलेली अख्खी गावे लागवडीला यावीत म्हणून १८६५ च्या नियमांनी ती इजाऱ्याने दिली गेली होती. इजारदाराच्या गावातल्या कुळांची स्थिती मालगुजारी गावातल्या कुळांपेक्षाही कच्ची होती, कारण त्यांच्या बाजूने कायदा उशिरा आला.

'२.२०' म्हणजे किती एकर?

हा प्रश्न कोर्टात जमिनी घालवतो. मध्य प्रांतात क्षेत्र एकर आणि डिसमिलमध्ये लिहीत. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. वऱ्हाडात एकर आणि गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या खसऱ्यात २.२० म्हणजे २ एकर २० डिसमिल, म्हणजे सुमारे ०.८९ हेक्टर. अमरावती जिल्ह्यातल्या जुन्या कागदात २-२० म्हणजे २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, सुमारे १.०१ हेक्टर. ओळखायची खूण: टिंबानंतरचा आकडा ३९ च्या वर कुठे गेलेला दिसला तर ते डिसमिल. पूर्ण पान चाळल्याशिवाय एका ओळीवरून ठरवू नका.

मामा तलाव, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज: यांचा आज काय उपयोग?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत हजारो जुने तलाव आहेत. त्यांतले बरेच कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. बंदोबस्तात ते मालगुजारांच्या नावे लागले. मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' याचे 'मामा' झाले. तलाव सरकारकडे गेला, तरी त्यातले पाणी कोणत्या शेताला, कोणत्या क्रमाने, गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची हे गावाच्या रिवाजाने ठरलेले होते. देखभाल करणारा मालगुजार गेला आणि ती जबाबदारी गावातल्या कोणाचीच उरली नाही. गाळ साचून तलाव उथळ होत गेले ते त्यामुळे. हा रिवाज जिथे लिहिला गेला ते कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. रस्ते, पाणी, मासेमारी, खासगी जमिनीतले वहिवाटीचे हक्क त्यात येतात. निस्तार पत्रकात गावाच्या पडीक आणि जंगल जमिनीतले हक्क येतात: गुरे चारणे, सरपण, घरासाठी लाकूड, मुरूम-माती, स्मशान, खळे.

हे कागद मेलेले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये विदर्भापुरते निस्तार पत्रक (कलम १६१) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम १६५) कायम ठेवले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामुदायिक हक्क सांगताना 'निस्तार' हा शब्दच वापरलेला आहे. सामूहिक वनहक्काचा दावा तयार करणाऱ्या ग्रामसभेने सगळ्यांत आधी हे दोन कागद काढावेत. त्यांत शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन गुरे चारण्याचे हक्कही नोंदलेले असतात, आणि दाव्यात नेमके तेच सुटतात.

आदिवासी भागाचा कारभार वेगळा होता का?

१९३५ च्या कायद्याखाली काही भाग 'अंशतः वगळलेले' ठरले. अहेरी जमीनदारी, गडचिरोली तहसिलातल्या धानोरा, मुरमगाव, रांगी, खुटगाव वगैरे जमीनदाऱ्या, मेळघाट तालुका, बैहर, भैंसदेही तहसील आणि संपूर्ण मंडला जिल्हा त्यांत होते. विधानसभेने केलेला कायदा तिथे गव्हर्नरने लागू केल्याशिवाय लागू होत नसे. त्या वर्षांतला एखादा प्रांतिक कायदा मेळघाटात लागू होता असे गृहीत धरू नका.

कायदेमंडळ केव्हा आले आणि त्याला किती अधिकार होते?

१९१४ मध्ये पहिले कौन्सिल भरले, पण ते सल्ला देण्यापुरते. १९१९ च्या सुधारणांनी द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य अशी 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे गेली. महसूल, पोलीस, न्याय ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. तिजोरीची किल्ली राखीव बाजूला, त्यामुळे मंत्र्याकडे खाते होते आणि पैसा नव्हता.

ही पद्धत या प्रांतात जितकी उघडी पडली तितकी फार थोड्या ठिकाणी पडली. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज पक्षाला बहुमत मिळाले. डॉ. बा. शि. मुंजे त्यांच्या प्रमुखांपैकी एक. १९२४ मध्ये त्यांनी मंत्र्यांवर अविश्वास आणला, अंदाजपत्रकाच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपयांवर आणला. मंत्री गेले आणि सोपीव खातीही गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. पुढे १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली आणि त्यावरून स्वराज पक्षातच फूट पडली. हेच तांबे १९२९ मध्ये काही काळ हंगामी गव्हर्नर होते.

१९३७ ची विधानसभा कशी होती?

एकच सभागृह, ११२ जागा. विधान परिषद नव्हती. सर्वसाधारण ८४, त्यांतल्या २० अनुसूचित जातींसाठी राखीव. मुस्लिम १४, स्त्रिया ३, जमीनमालक ३, व्यापार-उद्योग २, कामगार २ आणि विद्यापीठ, मागास जमाती, अँग्लो-इंडियन, युरोपियन यांना प्रत्येकी १. काँग्रेसला ७० जागा मिळाल्या.

डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हाचा शब्द 'प्रीमियर', मराठीत पंतप्रधान. काँग्रेसच्या तीन वेगळ्या प्रांतिक समित्या होत्या: महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. हिंदी-मराठी ओढाताण मंत्रिमंडळात उतरली. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्यांना काढले, खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ केले, पक्षश्रेष्ठींनी तेही मोडायला लावले आणि शुक्ल पंतप्रधान झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव या सभागृहात झाला. नोव्हेंबर १९३९ ते १९४६ गव्हर्नरचा एकतंत्री कारभार. त्या वर्षांतल्या प्रांतिक कायद्यांना विधानसभेची संमती नसते, ते गव्हर्नरचे असतात.

हायकोर्ट कुठे होते?

१९३६ पर्यंत हायकोर्ट नव्हतेच. ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट सुरू झाले, पहिले मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन. वऱ्हाडही त्याच्या कक्षेत. १९५६ मध्ये मध्य प्रदेशचे हायकोर्ट जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले.

जनपद सभा काय होती?

जिल्हा कौन्सिल मोडून तहसील पातळीवर लोकांची संस्था आणायचा प्रयोग. द्वारकाप्रसाद मिश्रांनी आणलेल्या १९४८ च्या कायद्याने १ जुलै १९४८ पासून जनपद सभा आल्या. शाळा, दवाखाने, गावरस्ते त्यांच्याकडे. विदर्भात त्या जिल्हा परिषदा येईपर्यंत, म्हणजे १ मे १९६२ पर्यंत चालल्या. १९५० च्या दशकातल्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर 'जनपद सभा' असा शिक्का असतो तो यामुळे. तो दाखला बनावट नसतो. पण आजच्या कारकुनाला शिक्का अनोळखी वाटतो, म्हणून सोबत शाळेच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत जोडलेली बरी.

नागपूरच्या दाखल्यावर 'मध्यप्रदेश' कसे?

२६ जानेवारी १९५० पासून सी.पी. अँड बेरारचेच नाव मध्यप्रदेश झाले, राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एकाच माणसाच्या शाळेच्या, लग्नाच्या आणि नोकरीच्या कागदांवर तीन राज्यांची नावे असू शकतात आणि तो कधी गावाबाहेर गेलेला नसतो.

कोतवाल बुक म्हणजे काय? जात पडताळणीला चालते का?

गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यात देई, त्याची ही नोंदवही. तहसील कार्यालयात तिची नक्कल मिळते. नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी एवढे असते. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसते, कारण तोवर बारसे झालेले नसे. म्हणून एकटी नोंद पुरत नाही. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख आणि बापाचे नाव तिच्याशी जुळवून साखळी पूर्ण करावी लागते. तारखांत काही दिवसांचा फरक येतो, कारण शाळेत तारीख अंदाजाने लिहीत. तो फरक लपवू नका, शपथपत्रात समजावून सांगा.

मानीव दिनांकापूर्वीची, म्हणजे प्रवर्गानुसार ठरलेल्या तारखेपूर्वीची, नोंद महत्त्वाची असते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

जमिनीचा जुना कागद काढायचा क्रम काय?

आजच्या सातबाऱ्यापासून मागे चला. आधी गट क्रमांकावरून जुना खसरा किंवा सर्व्हे नंबर मिळवा. एकत्रीकरणाच्या वेळचा जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात असतो. तो न घेता जुना नंबर तोंडी सांगून अर्ज केला की भलत्याच शेताची नक्कल हाती येते. मग मौजाचे नाव, तहसील, पटवारी हलका नंबर पक्के करा. एकाच नावाची दोन गावे असतात, खुर्द-बुद्रुक असतात, आणि वस्ती उठून गेलेली रिठी गावेही असतात, ज्यांची जमीन कागदावर अजून स्वतंत्र मौजा म्हणून चालते.

यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करा. मध्य प्रांताच्या गावासाठी बंदोबस्त मिसल (बंदोबस्ताच्या वेळचे गावाचे दप्तर), खेवट, खसरा, १९५४-५५ च्या सुमाराचा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद). वऱ्हाडच्या गावासाठी मोजणीची सर्व्हे नंबरवार नोंद आणि हक्कनोंदणी. अर्जात 'सर्व जुने अभिलेख' असे मोघम लिहिले की 'आढळ होत नाही' असे उत्तर येते. कागदाचे नाव आणि वर्ष लिहा. वर्ष १९१५-१६ असे जोडवर्ष असते. तिथे न मिळाल्यास जिल्ह्याचा अभिलेख कक्ष, मग पुराभिलेख विभागाचे नागपूर कार्यालय. प्रांताच्या सचिवालयाची काही दप्तरे १९५६ नंतर भोपाळला गेली.

मोडी कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतो आणि आडनावाऐवजी बापाचे नाव व जात लिहिण्याची पद्धत होती.

भूमिस्वामी आणि भूमिधारी आता काय झाले?

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. त्यानंतरच्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहिता १९५४ मध्ये भूमिस्वामी आणि भूमिधारी हे दोन हक्क आले. १९६६ च्या महाराष्ट्र संहितेत हस्तांतरणावर बंधन नसलेला भूमिस्वामी हा भोगवटादार वर्ग १ झाला आणि बंधन असलेले वर्ग २ मध्ये गेले. जुन्या खरेदीखतात नुसते 'भूमिस्वामी' वाचून वर्ग १ समजू नका, बंधनाची अट होती का ते अधिकार अभिलेखात पाहा.

नझूल जमीन म्हणजे काय?

नागपूर, अमरावतीसारख्या शहरांतली सरकारी मालकीची जागा, जी पट्ट्याने दिली जाई. शब्द प्रांताच्या काळचा, व्यवहार आजचा. पट्टा बहुधा तीस वर्षांचा. आखीव पत्रिकेवर (शहरी मिळकतीच्या उताऱ्यावर) नाव आहे म्हणून मालकी आहे असे होत नाही. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण, भुईभाडे भरल्याच्या पावत्या आणि पूर्वीच्या प्रत्येक विक्रीला घेतलेली परवानगी हे चार कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. सगळ्यांत जास्त अडते ते मधल्या एखाद्या विक्रीला परवानगी न घेतल्यामुळे, आणि तो शर्तभंग शेवटच्या खरेदीदाराच्या गळ्यात येतो.